सूट

उद्यमबागेत चौतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून
लाकूड केसभर मोठं ठेवायचं.
त्याला आम्ही सूट म्हणायचो.
रिटायर झालो, आणि तोच शब्द भेटला
नोटिशीच्या दुसऱ्या पानावर.
कळेना, माझं नेमकं काय आकसलंय.

नोटीस बंगळूरहून मोबाईलवर आली,
जावयानं छापून आणली.
अडतीस हजार सहाशे चाळीस, तीस दिवसांत.
"आता तिकडं चेहराच नसतो मामा," तो म्हणाला,
"भांडणार कुणाशी?"
रात्री उठून मी कपाट उपसलं.
पगाराच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचं कार्ड,
बंद पडलेल्या पतपेढीचं पासबुक.
द्रौपदा म्हणाली, भाकरी खाऊन घ्या,
कर काय पळून जाईत नाही.

खडेबाजारात कुंद्याच्या दुकानावर लोखंडी जिना.
गिरिजा अंगडी, वयानं आमच्या धाकटीएवढी.
"बर्री काका, कुंद्र्री," म्हणाली,
आणि मग मराठीत.
तिची मराठी कानडीतून येते,
माझी कानडी मराठीतून जाते,
मधे कुठंतरी बाकडं टाकून आम्ही बसलो.

तिनं पॅनचा नंबर बोटानं मोजला.
"हे चौथं अक्षर बघा, पी.
म्हंजे कंपनी नव्हं, माणूस.
पाचवं एच, हलगेकरचं."
मला उगीच बरं वाटलं.
कुठंतरी लिहून ठेवलंय तर.
मग तिनं चष्मा कपाळावर सारला.
"शेवटी तुमचा एम.
कारखान्यानं भरलाय एन."

एक काठी.
माझ्या पगारातून कापलेला कर
वर्षभर कुणा परक्याच्या पाटावर बसलेला.
सुताभराच्या फरकासाठी मी अख्खे साचे
परत पाठवलेत,
ओतकामवाल्यांच्या शिव्या खाऊन.

तीन खेपा घातल्या उद्यमबागेला.
गेटवर नवा पोरगा, मलाच नाव विचारतो.
मी सांगितलं भरमा नागाप्पा हलगेकर,
त्यानं कानडीत लिहिलं,
आतल्या कारकुनानं इंग्रजीत.
दर लिपीत मी थोडाथोडा थंड होत गेलो.
तिसऱ्या खेपेला एन पुसला, एम आला.
मी चहा पाजला सगळ्यांना,
त्या पोरालाही.

गिरिजाला सांगायला दोघं गेलो.
ती हसली, मग थांबली.
"आनी एक हाय काका,"
आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला.
शहापूर शाखेतली ठेव. तिचं व्याज.
"हे तुम्ही दाखवलंच न्हाई."

"कुठली ठेव?" द्रौपदा म्हणाली.

खाली कुंदा आटत होता, वास जिन्यानं वर येत होता.
मी टाळेबंदीचं वर्ष सांगितलं.
सात महिने तिच्या भावांच्या जोंधळ्यावर जेवलो होतो,
आणि कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं,
तेच जास्त लागलं होतं.
तेव्हापासून महिन्याला थोडं थोडं,
कुणाला न सांगता.
केसभर मोठं ठेवायचं, एवढंच मला येतं.

गिरिजा कीबोर्डकडे बघत राहिली.
मग म्हणाली, अडतीस हजार गेले, काका.
राहिले दोन हजार दोनशे दहा.
ते मात्र तुमचेच.

होय, माझेच.
इतक्या आनंदानं मी पैसे कधी भरले नव्हते.
तिची फी पाचशे, तिनं पावती फाडली;
नावाची अक्षरं मी दोनदा तपासली.

द्रौपदा जिना उतरेपर्यंत गप्प.
शेवटच्या पायरीवर कठडा धरून थांबली.
"त्या ठेवीला वारस कोण लावलाय?"
"तू."
"मग माझंबी स्पेलिंग बघून या की एकदा,"
आणि कुंद्याच्या दुकानाकडे वळली,
पाव किलो म्हणाली, माझ्याकडे न बघता.